विजेचा रंधा : धार आणि निगा
प्रस्तावना

खानदेशातल्या सुतारांसाठी एक पुस्तक लिहावे, आणि तेही विजेवर चालणाऱ्या एका हातयंत्राची निगा व त्याच्या पात्यांची धार एवढ्यापुरतेच मर्यादित असावे, ही कल्पना ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्यांत प्रस्तुत लेखकाचे काही विद्वान स्नेही होते आणि काही कसबी सुतारही होते. मात्र दोघांच्या आठ्यांचे कारण एक नव्हते. विद्वानांना विषय क्षुल्लक वाटला. सुतारांना तो लिहून सांगण्याजोगा वाटला नाही. पहिल्या आक्षेपाचे खंडन करण्यात वेळ दवडण्याचे प्रयोजन दिसत नाही, कारण ज्या मेजावर कोपरे टेकून तो घेतला जातो ते मेज कुणीतरी रंधलेलेच असते. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. धार लावणे ही विद्या उस्तादाच्या हाताखाली राहून उचलायची, कागदावरून नव्हे, असे पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेल्या समाजाचा तो अनुभवसिद्ध अभिप्राय आहे, आणि हातरंध्याच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. विजेच्या रंध्याच्या बाबतीत तो तितकासा खरा का राहिला नाही, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना नेहमीच्या शिरस्त्यापेक्षा लांबवावी लागत आहे.

बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत ज्याला मान, त्या गावसुताराकडे खानदेशी कुणब्याची वखर, पाभर, तिफण, गाडीचे जू, आणि शिवाय धाब्याच्या घराचे खांब, सर व कड्या असा सारा लाकडी जामानिमा सोपविलेला असे. आणि सुगीनंतर खळ्यावर जे धान्य त्याच्या पदरात पडे त्याच्या हिशेबात हत्यारांची धार कधीही निराळी मोजली जात नसे. ती गृहीतच असे. लोहाराने पात्याला पाणी दिले की पुढचा कारभार सुताराचा. निसण्यावर पाते घासणे, नखावर टेकवून धार चढली की नाही ते पारखणे, पाचर सैल करून पाते केसभर पुढे सारणे, ही कामे पोरगा बापाच्या शेजारी बसून नुसत्या डोळ्यांनी उचलत असे, आणि याला शिक्षण म्हणावे असे दोघांपैकी कुणाच्याही मनात येत नसे. १८१८ साली या मुलखावर कंपनी सरकारचा अंमल बसला, १९०६ साली एका खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. सरकारी दप्तरे इकडून तिकडे गेली, परंतु सुताराच्या पोत्यातला सरंजाम, म्हणजे तीन-चार रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिट, गुण्या आणि मधोमध झिजून खोलगट झालेला एक दगड, हा या सगळ्या उलथापालथीत जवळजवळ जसाच्या तसा राहिला. त्यात खरा फरक पडला तो गेल्या दोन पिढ्यांत, आणि तो फरक विजेने पाडला.

यंत्राकडे वळण्यापूर्वी लाकडाविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण धार कशाने जाते हे कळल्यावाचून ती कशी राखावी याचा विचार करणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे होय. आपल्या मुलखाचे मुख्य इमारती लाकूड साग. यावल-चोपड्यापासून शिरपूर, अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरपर्यंतच्या डोंगरपट्ट्यांत तो उगवतो, आणि तापीच्या खोऱ्यातून उधना ते जळगाव हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्यापासून तर या पट्ट्यातल्या लाकडाला बाजार अधिकच जवळ आला. साग हे कारागिराचे लाडके लाकूड. तो फारसा आक्रसत नाही, फुगत नाही, वाळवीला सहसा दाद देत नाही, आणि हत्याराला मऊ लागतो. परंतु या मऊपणात एक दगा आहे. सागाचे झाड मुळांवाटे जमिनीतून जी द्रव्ये ओढून घेते त्यांत सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, असते, आणि ते लाकडात सूक्ष्म कणांच्या रूपाने साठून राहते. ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पात्याला मात्र ते प्रत्येक फेऱ्याला लागते. सबब, बोटाने दाबून पाहता जे लाकूड लोण्यासारखे कापले जाईल असे वाटते तेच लाकूड साध्या पोलादाची धार दिवस मावळायच्या आत खाऊन टाकते. त्यात भर म्हणून सागाचा तेलकट चीक पात्याच्या पाठीवर बसतो, त्यावर भुसा चिकटतो, आणि धार शाबूत असूनही पाते बोथटासारखे वागू लागते. अशा वेळी दगडाकडे धावण्याची गरज नसते. रॉकेलचा बोळा फिरविला की काम भागते. धार गेली आहे की नुसता चीक बसला आहे, हे ओळखता न आल्यामुळे आपल्याकडे कितीतरी पाती अकारण घासली जाऊन अकाली संपतात.

सागाचे हे, तर अंजनाचे निराळेच. खानदेशच्या रुक्ष, खडकाळ टेकड्यांवर उभा राहणारा अंजन हा हिंदुस्थानातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्याची वाळलेली नार पाण्यात टाकली तर तळाला जाते. जुन्या घरांचे खांब आणि तुळया यांसाठी तो पूर्वी वापरला जाई, आणि आजही एखादा जुना अंजन रंधायला घेतला की यंत्राचा आवाज ताबडतोब खाली येतो. बाभूळ त्या मानाने सोशिक, पण तिच्या रेषा कधी उजवीकडे तर कधी डावीकडे वळतात, त्यामुळे एका दिशेने गुळगुळीत होणारा भाग दुसऱ्या दिशेने उपटून निघतो. कडुनिंबाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. तो पात्याला त्रास देत नाही आणि त्याच्या घरगुती कपाटांना कीड लागत नाही, एवढे पुरे.

परंतु आजच्या घडीला जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत पात्यांचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, असे कुणी विचारले, तर प्रस्तुत लेखक सागाचेही नाव घेणार नाही आणि अंजनाचेही नाही; तो जुन्या लाकडाचे नाव घेईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर कार्य-आयोजनेवाचून वनांत तोड करण्यास मनाई झाली, वखारींवर आणि करवत-गिरण्यांवर परवान्यांचा बंदोबस्त कडक झाला, आणि स्थानिक साग दुर्मिळ होत गेला. त्याची जागा एकीकडे कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या बाजारातून येणाऱ्या परदेशी सागाने घेतली, आणि दुसरीकडे पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या लाकडाने. धाब्याचे घर पाडले की त्याचे खांब, कड्या, पाट आणि चौकटी यांचा भाव निराळा ठरतो, आणि तो ठरलाही पाहिजे, कारण अनेक पावसाळे-उन्हाळे पाहिलेला तो साग आता वाकणार नाही, चिरणार नाही. मात्र त्या लाकडाच्या पोटात काय काय असते! धाब्यावर घातलेली पांढरी माती वर्षानुवर्षे झिरपून कड्यांच्या भेगांत घट्ट बसलेली असते. कुणी मागल्या पिढीत ठोकलेला घडीव खिळा डोके गंजून गळाल्यामुळे वरून दिसेनासा झालेला असतो. पाळण्याची कडी अडकविण्यासाठी मारलेला आकडा कापून टाकलेला असतो, पण त्याचे शेपूट आतच राहिलेले असते. मातीने धार हळूहळू जाते. खिळ्याने ती एका क्षणात जाते, आणि कधीकधी पात्याचा तुकडा उडून कारागिराच्या अंगावर येतो. म्हणून जुने लाकूड यंत्राखाली घालण्यापूर्वी तारेच्या ब्रशाने भेगा साफ कराव्यात, दोरीने बांधलेले लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवावे, जिथे ते ओढ घेईल तिथे पटाशीने उकरून खिळा काढावा, आणि शंका राहील त्या जागेवर हातरंधाच चालवावा. निळसर काळा डाग हीही खूण आहे. सागावर लोखंडाचा गंज असाच डाग पाडतो.

आता यंत्राकडे वळू. जपानातल्या नागोया शहरात १९१५ साली विजेच्या मोटारी व उपकरणे विकणे आणि दुरुस्त करणे या धंद्यातून उदयास आलेल्या माकिता या कंपनीने १९५८ साली हातात धरून चालविण्याचा विजेचा रंधा त्या देशात प्रथम बाजारात आणला. आज आपल्याकडच्या सुतारांच्या हातात दिसणारे बहुतेक रंधे, मग ते जपानी नावाचे असोत, बॉशसारख्या जर्मन नावाचे असोत की अगदी स्वस्तातले बिननावाचे असोत, त्याच घराण्यातले मानावेत अशा घडणीचे असतात. कापण्याची रुंदी ८२ मिलिमीटर, मोटारीची शक्ती पाचशे ते सातशे वॉटच्या घरात, एका फेऱ्यात काढावयाचा थर साधारण एक मिलिमीटरपर्यंत, आणि रिकामे चालताना ड्रमची गती मिनिटाला सोळा हजार फेऱ्यांच्या आसपास. ड्रमच्या अंगात समोरासमोर दोन पाती बसविलेली असतात. पुढची प्लेट मूठ फिरविली की खालीवर होते आणि थराची जाडी ठरविते; मागची प्लेट पक्की असते आणि रंधलेल्या पृष्ठभागावरून सरकते. कागदावर पाहता एवढाच कारभार. परंतु या यंत्राचे सारे सुखदुःख एका मापात साठलेले आहे: दोन्ही पात्यांच्या धारा आणि मागच्या प्लेटची पातळी एकच असली पाहिजे.

हे माप किती नाजूक आहे ते एका सोप्या हिशेबाने ध्यानात येईल. सोळा हजार फेरे आणि दोन पाती, म्हणजे मिनिटाला बत्तीस हजार काप. कारागिराने फळीवरून मिनिटाला चार मीटर या सावकाश चालीने रंधा नेला, तर चार हजार मिलिमीटरांत बत्तीस हजार काप, म्हणजे प्रत्येक काप मिलिमीटरचा आठवा हिस्सा. इतक्या जवळजवळचे काप हाताला लागत नाहीत, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. आता दोहोंपैकी एक पाते केसभर आत बसले आहे असे धरा. ते फिरते, आवाज करते, मालकाला काम करीत असल्यासारखे दिसते, परंतु लाकडाला लागत नाही. सगळे काम दुसऱ्या एकट्या पात्यावर पडते, कापाचे अंतर आठव्या हिश्श्यावरून पाव मिलिमीटरवर जाते, आणि फळीवर आडव्या बारीक लाटा उठतात. पॉलिशचा हात फिरल्यावर त्या लाटा उन्हात स्पष्ट दिसतात. मग दोष पॉलिशवाल्याला लावला जातो. ओझ्याखाली ड्रमची गती सोळा हजारांच्या बरीच खाली येते हे लक्षात घेतले, तर प्रत्यक्षातले अंतर याहूनही जास्त असते.

या पुस्तकाच्या मुळाशी जे एक मत आहे ते आता स्पष्ट मांडतो. हातरंध्याचे पाते बोथट झाले की त्याची पहिली वर्दी खांद्याला लागते. रंधा अडतो, घसरतो, कारागीर दमतो, आणि दमलेला माणूस थांबून दगड काढतो. धार लावण्याची सक्ती त्याच्या देहानेच केलेली असते, त्यासाठी नियम लागत नाही की पुस्तक लागत नाही. विजेच्या रंध्याने हे कष्ट घेतले, आणि कष्टांबरोबर ती वर्दीही घेतली. बोथट पात्याचा सारा भार मोटार मुकाट्याने आपल्या अंगावर घेते; ती कुरकुरत नाही, फक्त अधिक वीज ओढते, अधिक तापते, आणि एके दिवशी आर्मेचर जळाल्यावर लोक म्हणतात की यंत्रच हलके निघाले. जळाले आर्मेचर, पण मूळ कसूर पात्याची! बापाकडून पोराने डोळ्यांनी उचलावयाची जी विद्या होती ती खांद्याच्या दुखण्यावर उभी होती. ते दुखणे नाहीसे झाल्यावर ती विद्याही आपोआप पुढे जाईनाशी झाली. म्हणून आता ती मुद्दाम सांगावी लागते, आणि मुद्दाम सांगावयाचे म्हटले म्हणजे लिहावे लागते. सुतार स्नेह्यांच्या आक्षेपाला प्रस्तुत लेखकाचे उत्तर एवढेच आहे.

खांद्याची जागा आता कान, नाक आणि डोळा यांनी घ्यावयाची आहे. धारदार पात्यातून सागाच्या कुरळ्या, पातळ ढलप्या उडतात. धार उतरली की ढलप्यांचे तुकडे होतात, आणि शेवटी नुसते पिठासारखे बारीक भुसकट बाहेर पडू लागते. आवाजाची पट्टी खाली येते. रंधा स्वतःच्या वजनाने पुढे सरकेनासा होतो आणि हात नकळत वरून दाबू लागतो. हा दाब हीच सर्वांत खात्रीची खूण, आणि नेमकी तीच कारागिराच्या लक्षात येत नाही. लाकडावर एक खोटी चकाकी येते, कारण पाते रेषा कापण्याऐवजी त्या चेपत असते, आणि अशा चेपलेल्या पृष्ठभागात पॉलिश किंवा सरस नीट मुरत नाही. करपल्याचा वास आला तर मात्र उशीर झाला आहे असे समजावे.

पाती दोन जातींची असतात, आणि त्यांचे धर्म इतके भिन्न आहेत की दोघांना एकच उपचार करणे ही शुद्ध हानी आहे. पहिली जात टंगस्टन कार्बाइडची. ही पाती अरुंद, साडेपाच मिलिमीटरची, पातळ, आणि दोन्ही कडांना धार असलेली असतात. एक कड गेली की उलटून बसवावयाची, दुसरी गेली की नवे पाते घालावयाचे, असा त्यांचा खाक्या. सागातल्या सिलिकेला ती पोलादापेक्षा पुष्कळ अधिक टिकतात. परंतु खिळ्याचा आघात त्यांना सोसत नाही, कारण अतिकठीण वस्तू ठिसूळही असते. साध्या एमरीच्या चाकावर त्यांना धार लावण्याचा उद्योग काही हौशी मंडळी करतात. त्याने चाक झिजते, पाते नव्हे. त्यांना हिऱ्याच्या कणांचे चाक लागते, आणि त्या खटाटोपाची किंमत पाहता ही पाती उलटून वापरून टाकून देणेच शहाणपणाचे.

दुसरी जात हायस्पीड पोलादाची. ही पाती रुंद आणि जाड असतात, आणि पुनःपुन्हा धार लावून घेतात. जो सुतार जुने लाकूड रंधतो त्याने, माझ्या मते, याच जातीच्या पात्यांचे दोन जोड बाळगावेत. एक यंत्रात, एक पेटीत. या पोलादाचा विशेष असा की लोहाराने पाणी दिलेल्या साध्या पोलादाची धार चाकावर जराशी निळी पडली की तिचा कस गेला समजावे, पण हायस्पीड पोलाद त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते. मात्र ही सहनशीलता पाहून धार लावणारे ते निर्धास्तपणे तापवितात आणि चटका बसू लागला की पाण्यात बुडवितात, ती रीत घातक आहे. तापलेले हायस्पीड पोलाद एकदम गार केले की धारेवर डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि पुढे एखाद्या गाठीवर तिथून कपच्या उडतात. चाकावर घासावयाचेच असेल तर हलक्या हाताने, थांबत थांबत, हवेवर गार होऊ देत घासावे; आणि कपची उडालेली नसेल तर चाकाकडे जाऊच नये, दगड पुरे आहे.

दगडावर धार लावण्याची पद्धत अशी. अनेक यंत्रांबरोबर पाती धरण्याची एक लहानशी चौकट मिळते, आणि ती बहुधा खोक्यातच पडून राहते. तिच्यात दोन्ही पाती एकाच वेळी बसतात, आणि यातच सारी खुबी आहे: दोन्ही धारा एकदम दगडावर टेकल्यामुळे कोन आपोआप सारखा राहतो आणि दोन्ही पाती सारखीच झिजतात. सारखी झिजणे हे केवळ टापटिपीचे काम नाही. मिनिटाला सोळा हजार फेरे घेणाऱ्या ड्रमवर एक पाते जड आणि एक हलके असले की सगळे यंत्र थरथरते, बेअरिंगे ढिली होतात आणि हाताला मुंग्या येतात. म्हणून एका जोडातले एकच पाते कधीही बदलू नये. दगड दोन-तीन मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा, चौकटीतली पाती त्यावर सपाट टेकवावीत, दोन्ही धारा लागल्या आहेत याची खातरजमा करावी, आणि दगडाच्या पूर्ण लांबीवर, पाण्याचा ओलावा राखीत, सारख्या दाबाने घासावे. दगड मधोमध खोलगट झालेला असेल तर आधी तो सपाट करावा. बापजाद्यांचा खोलगट दगड हातरंध्याच्या पात्याला थोडीशी गोलाई देई आणि तिथे ती खपून जाई. ८२ मिलिमीटरच्या सरळ पात्याला ती चालत नाही. शेवटी धारेच्या पाठीमागे केसासारखी बारीक कड वळलेली बोटाला लागते. पाते पाठीवर सपाट ठेवून एक-दोन हलके हात मारले की ती निघून जाते.

धार लावणे हे अर्धे काम झाले. पाती बसविणे हे उरलेले अर्धे, आणि अवघड अर्धे तेच आहे. आधी प्लग भिंतीतून काढावा. बटण बंद आहे, तेवढे पुरे, असे म्हणणाऱ्यांच्या बोटांची मोजदाद इथे करीत नाही. यंत्र उलटे करून पाट्यावर ठेवावे, पात्यांखालची बैठक ब्रशाने आणि रॉकेलने निर्मळ करावी, कारण तिथे राहिलेला कागदाएवढा चिकाचा थरसुद्धा पात्याला तेवढ्याने वर उचलतो. पाते बसवून बोल्ट आधी नुसते बोटाने लावावेत. मग एक तासून सरळ केलेली लाकडी पट्टी मागच्या प्लेटवर अशी धरावी की तिचे टोक ड्रमवर येईल, आणि ड्रम हाताने उलट्या दिशेने हळूच फिरवावा. धारेने पट्टीला जेमतेम स्पर्श करावा, तिला उचलू नये, आणि हा स्पर्श पात्याच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, आणि दुसऱ्या पात्यालाही तसाच झाला पाहिजे. मग बोल्ट एकाआड एक, थोडेथोडे आवळावेत. एकच बोल्ट पुरा आवळून पुढच्याकडे गेले की पाते तिरके सरकते.

पाती चुकीची बसली असल्यास ते फळीच सांगते. फेऱ्याच्या आरंभी खड्डा पडत असेल तर धारा मागच्या प्लेटपेक्षा खाली राहिल्या आहेत. प्लेट रंधलेल्या भागावर चढताना यंत्र वर उचलले जाते. फेऱ्याच्या शेवटी खड्डा पडत असेल तर धारा प्लेटच्या वर निघाल्या आहेत. पुढची प्लेट फळीवरून उतरताच यंत्र मागे बसते आणि पाते आत घुसते. एका बाजूला लांबच लांब ओरखडा उमटत असेल तर पाते प्लेटला समांतर नाही. ही तीन चिन्हे ज्याला पाठ झाली त्याला पुस्तकातला त्यासंबंधीचा अध्याय दुसऱ्यांदा वाचण्याची तसदी घ्यावी लागणार नाही.

मोटारीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिची निगा म्हणजे बव्हंशी तिला भुशापासून आणि दयाळू माणसांपासून वाचविणे होय. भुसा झरोक्यांतून आत जातो आणि वेटोळ्यांवर बसून तिची उष्णता आत कोंडतो. मे महिन्यात जेव्हा भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा आत खेचली जाणारी हवाच तापलेली असते, आणि मोटारीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. काम संपल्यावर यंत्र रिकामे चालू ठेवून झरोक्यांत कोरडी हवा मारावी, आणि उन्हाळ्यात मोठे काम सकाळी उरकावे. दयाळू माणसे म्हणजे जी झरोक्यातून शिलाई यंत्राचे तेल सोडतात. या यंत्राची बेअरिंगे बंद असतात, त्यांना तेल लागत नाही, आणि सोडलेले तेल भुशाशी मिसळून त्याचा लगदा होतो. मोटारीतले कार्बन, म्हणजे कार्बनचे ब्रश, मात्र मधूनमधून काढून पाहावेत. लांबी पाच-सहा मिलिमीटरवर आली, किंवा आतल्या काळ्या वर्तुळात निळ्या ठिणग्या मोठ्या दिसू लागल्या, की दोन्ही एकदम बदलावेत आणि यंत्र दहा मिनिटे रिकामे फिरवून ते बसवून घ्यावेत. मोटारीचा आवाज चढा आणि ड्रम मात्र मंद, असे झाले तर बेल्ट घसरतो आहे. बेल्ट स्वस्त असतो; एक जादा घेऊन ठेवावा.

खेड्यांत शेतीपंप सुरू असताना विजेचा दाब पडतो, दिवे मंदावतात, त्या वेळी रंधाही मंदावतो. अशा वेळी कारागीर गती भरून काढण्यासाठी यंत्रावर रेटा देतो आणि तिथेच आर्मेचर जळते. मोटारीचा पंखा हळू फिरत असतो आणि ओढलेली वीज मात्र वाढलेली असते. दाब कमी असेल तर थर कमी करावा, दोन फेऱ्यांचे तीन करावेत. लांब वायरीला यात नेहमी दोष दिला जातो, तो मला अतिशयोक्त वाटतो. वायर बऱ्या जाडीची असेल तर अंगणभर अंतरात दाब फारसा पडत नाही. त्यापेक्षा सैल प्लग आणि काळवंडलेला सॉकेट यांची चौकशी आधी करावी.

एक गोष्ट सरकारी योजनांविषयी. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा व्यवसायांचा समावेश आहे त्यांत सुतार आहे, आणि तीत हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य व प्राथमिक प्रशिक्षणाचे सुमारे चाळीस तास ठेवलेले आहेत. तजवीज चांगली आहे. परंतु चाळीस तासांत रंधा चालविणे शिकविता येईल, धार राखणे शिकविता येणार नाही. आणि मिळालेल्या रकमेतून यंत्र घेताना कारागिराने पात्यांचा दुसरा जोड, एक चांगला दगड आणि दोन कार्बन यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, मग उरलेल्या पैशांत बसेल ते यंत्र घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जळगाव आणि धुळे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वर्षभराचा सुतारकामाचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलांना हे पुस्तक कदाचित अधिक उपयोगी पडेल, कारण त्यांच्यापाशी दगडापाशी बसण्याइतका वेळ असतो.

जिवाच्या आणि देहाच्या रक्षणासंबंधीचा भाग पुस्तकात मुद्दाम पहिला ठेवला आहे. बटण सोडल्यावर ड्रम लगेच थांबत नाही, आणि चालू ड्रमचे यंत्र ओट्यावर ठेवले की ते चालू लागते. म्हणून ते एका कडेने लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवावे. गळ्यातले उपरणे आणि सैल बाह्या ड्रमला प्रिय असतात. कठीण लाकडाचा बारीक भुसा, आणि सागाचा भुसा त्यातच मोडतो, वर्षानुवर्षे नाकात गेल्याने नाकाचा कर्करोग होऊ शकतो, असे कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा तोंडाला नुसता रुमाल बांधून भागणार नाही, घट्ट बसणारा मुखपट्टा हवा. कानांचीही काळजी घ्यावी, कारण या यंत्राचा आवाज पंच्याऐंशी डेसिबलच्या वर जातो आणि त्याने येणारे बहिरेपण हळूहळू, न कळत येते. शिवाय ज्या कानाने धारेची वर्दी ऐकायची तोच गेला तर पुढचे सगळेच मुश्कील.

गिरण्यांतल्या मोठ्या, जमिनीवर बसविलेल्या रंधायंत्रांचा विचार या पुस्तकात केलेला नाही. त्यांची पाती, त्यांचे धोके आणि त्यांचे मालक निराळे. ज्यांच्या यंत्रात कार्बाइडची पाती आहेत त्यांनी दगडावरचा तिसरा अध्याय खुशाल वगळावा आणि पाती उलटण्याच्या चौथ्या अध्यायाकडे जावे. ज्यांना आपल्या यंत्रातल्या पात्यांची जात ठाऊक नाही त्यांनी प्लग काढून एक पाते बाहेर घ्यावे आणि रुंदी मोजावी: सुमारे साडेपाच मिलिमीटर भरली तर कार्बाइड, त्याहून पुष्कळ अधिक भरली तर हायस्पीड पोलाद, आणि दोन्ही बाजूंना निरनिराळ्या जातींची पाती बसविलेली आढळली, तर पुस्तक मिटून आधी नवा जोड आणावा.